रिकाम्या फांदीचा हिशेब

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय कळल्यावर तुमच्यातल्या दोघी-तिघींनी मला विचारलं, "ताई, गणिताच्या वर्गाचं आपल्या कामाशी काय नातं? इंटरनेटवर चित्रं काढून गणित शिकवायचं, हे मास्तरांचं काम नाही का?" प्रश्न रास्त आहे. आपण इथे मारहाणीच्या तक्रारी घेऊन येतो, रेशनकार्डावर बोलतो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून तलाठ्याकडे खेटे घालतो. त्यात वर्गसमीकरण कुठून आलं?

म्हणून उत्तरापासूनच सुरुवात करते. आपल्या भागात एखाद्या मुलीचं लग्न लवकर का उरकलं, हे घरच्यांना विचारा. बोलता बोलता एक वाक्य येतं, "गणित राहिलं हो तिचं." मुलाचं गणित राहिलं तर त्याला क्लास लावतात, पुरवणी परीक्षेला बसवतात, "पोरगं आहे, सुधारेल" म्हणतात. मुलीचं राहिलं तर "तिच्या डोक्यातच नाही" म्हणतात आणि स्थळं बघायला लागतात. हे "डोक्यातच नाही" आपण कधी तपासून पाहिलं आहे का? आई म्हणते, बाई म्हणतात, शेवटी मुलगीही तेच म्हणायला लागते. आज जे साधन मी तुम्हाला सांगणार आहे, ते मला महत्त्वाचं वाटतं ते एवढ्याचसाठी. त्यानं हे वाक्य तपासता येतं.

साधन साधं आहे. त्याला माइंड मॅप म्हणतात. आम्ही आमच्या मुलींमध्ये त्याला "फांद्यांचं चित्र" म्हणतो. कागदाच्या मधोमध विषय लिहायचा, त्यातून फांद्या काढायच्या, फांदीला उपफांद्या. टोनी बुझान नावाच्या इंग्रज लेखकानं १९७४ साली बीबीसीवरच्या मालिकेतून आणि पुस्तकांतून याचा खूप प्रसार केला. त्याच दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक यांनी याची एक बहीण तयार केली. तिच्यात दोन गोष्टी जोडणाऱ्या रेघेवर शब्द लिहावा लागतो. "म्हणून", "उलट", "हे आलं तरच ते". गणितासाठी मला ही बहीण जास्त कामाची वाटते. कारण गणितात नुसत्या फांद्या नसतात, एका फांदीचं मूळ दुसऱ्या झाडाखाली असतं. आता हीच चित्रं संगणकावर आणि मोबाईलवर काढता येतात. फ्रीप्लेनसारखं साधन संगणकावर फुकट आणि इंटरनेटशिवाय चालतं. कॉगल, माइंडमायस्टर अशी काही साधनं इंटरनेटवर आहेत. त्यांत चार गावांतल्या चार मुली एकाच वेळी एकाच चित्रावर काम करू शकतात. त्यांत मराठीत लिहिता येतं. एवढीच तांत्रिक माहिती पुरे.

आता एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. इंदापूर तालुक्यातली, दहावीची. तिला वर्गसमीकरणं येत नव्हती. मी म्हटलं, "सोडवू नकोस, फक्त चित्र काढ." तिनं मध्ये वर्गसमीकरण लिहिलं आणि तीन फांद्या काढल्या: अवयव पाडणं, पूर्ण वर्ग करणं, सूत्र. सूत्र बिनचूक लिहिलं होतं. म्हणजे पाठांतर पक्कं. मग मी विचारलं, "हे सूत्र वापरायला आधी काय यायला हवं? त्या फांद्या काढ." तिनं दोन काढल्या: वर्गमूळ आणि वजा संख्या. वर्गमूळाखाली तिनं भराभर लिहिलं. वजा संख्येखाली काहीच नाही. पेन तिथेच थांबलं.

तुम्हाला आठवत असेल, त्या सूत्रात सुरुवातीलाच एका संख्येचं चिन्ह उलटं करावं लागतं. संख्या वजा ५ असेल तर अधिक ५ घ्यायचे. ती प्रत्येक वेळी वजा ५ च घ्यायची आणि पुढचं सगळं गणित चुकायचं. चूक इतकीच. मी म्हटलं, "वजा संख्या कोणत्या वर्षी शिकवल्या?" म्हणाली, "सहावीत असेल. मी नव्हते तेव्हा." "कुठे होतीस?" "आईचं बाळंतपण होतं. महिनाभर घरीच होते. स्वयंपाक, धुणं, धाकटीला सांभाळणं."

मैत्रिणींनो, ती रिकामी फांदी मी पाहत राहिले. चार वर्षं ही मुलगी "गणितात कच्ची" म्हणून मागच्या बाकावर बसली. ती कच्ची नव्हती, ती गैरहजर होती. तिच्या डोक्यात काही कमी नव्हतं, तिच्या हजेरीपटात एक महिना कमी होता. त्या महिन्यात तिनं घर चालवलं. त्या कामाची नोंद कुठेच झाली नाही, त्याची किंमत मात्र गणिताच्या गुणांतून वसूल झाली. आपण घरकामाच्या अदृश्य श्रमांबद्दल भाषणं देतो. हे अदृश्य श्रम मला कागदावर पहिल्यांदा दिसले ते असे.

मग ती फांदी भरायला किती वेळ लागला? फार नाही. आमच्याकडे वजा संख्या कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत, उजनी आहे ना! उजनीचा उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसी आणि त्याखालचा मृतसाठा सुमारे ६३ टीएमसी. उपयुक्त साठा संपला की "धरण वजात गेलं" असं लहान पोरही म्हणतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. मी विचारलं, "वजा ५० वरून अधिक १० झालं, तर किती टक्के पाणी आलं?" ती लगेच म्हणाली, "साठ." वजा कमी होणं म्हणजे पाणी वाढणं, हे तिला आधीपासून येत होतं. ते "गणित" आहे, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एका मुलीवरून निष्कर्ष काढू नये, हे मलाही कळतं. म्हणून आम्ही वस्तीवरच्या अभ्यासवर्गात सगळ्या मुलींना चित्रं काढायला लावली आणि प्रत्येक रिकाम्या फांदीशेजारी एक प्रश्न लिहायला सांगितला: "हे शिकवलं तेव्हा मी कुठे होते?" उत्तरं वाचताना आम्ही सगळ्याच गप्प झालो. आजी दवाखान्यात होती, मी घरी होते. बहिणीचं लग्न होतं. पाळी सुरू झाली, शाळेत नळाला पाणी नव्हतं. कांद्याची लागण होती. एसटी बंद झाली, सायकल भावाकडे. "मला समजलं नाही" असंही काहींनी लिहिलं, ते खरंच आहे. सगळा दोष गैरहजेरीचा नाही. पण समजलं नाही तर विचारायचं धाडस कुणाला होतं आणि कुणाला होत नाही, हाही प्रश्न आपलाच आहे.

आता ऊसतोडीच्या मुलींकडे येते. निरेच्या कालव्यावर बारामती-इंदापूरचा ऊस उभा आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, सगळीकडे दिवाळीच्या आसपास कारखान्यांची गाळपं सुरू होतात आणि बीड, पाथर्डी भागातून कोयते येतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, त्यात बाई अर्धा कोयता. तिच्याबरोबर आलेली मुलगी त्या मोजणीत कुठेच नसते. ती कोपीवर धाकट्यांना सांभाळते, पाणी भरते. आम्ही बालभारतीच्या सहावीच्या ज्या गणिताच्या पुस्तकावर काम केलं, त्याचे दोन विभाग आहेत. दुसऱ्या विभागात काय आहे बघा: समीकरणं, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, बँक आणि सरळव्याज. हा विभाग दुसऱ्या सत्रात येतो, म्हणजे नेमका मुलगी फडात असते तेव्हा. ज्या मुलीच्या घरावर उचलीचं कर्ज आहे, मुकादमाचं कमिशन शेकड्यात कापलं जातं, तिच्याच वाट्याला शेकडेवारी आणि व्याज येत नाही. हे कुणी ठरवून केलेलं नाही. पण कुणी ठरवून थांबवलेलंही नाही.

तुम्ही म्हणाल, कागदावर जमतं तर इंटरनेट हवंच कशाला? मीही सुरुवातीला हेच म्हणत होते. अंगणात रांगोळीनं काढा, पाटीवर काढा, काय अडलंय? खरं तर आम्ही सुरुवात अजूनही खडूनं जमिनीवरच करतो. पण दोन कारणांनी मी मत बदललं.

पहिलं कारण खाडाखोडीचं. आपल्या मुलींना वही नीटनेटकी ठेवायला शिकवलेलं असतं. चुकीची फांदी काढली तर पान खराब होईल म्हणून त्या फांदीच काढत नाहीत. पडद्यावर फांदी उचलून दुसरीकडे लावता येते, पुसली तर डाग राहत नाही. चुकायची भीती गेली की विचार सुरू होतो.

दुसरं कारण मोठं आहे. कागद गावात राहतो, चित्र मुलीबरोबर जातं. बीड जिल्ह्यातल्या एका मुलीच्या वर्गमैत्रिणींनी शेकडेवारीचं चित्र गावी सुरू केलं. ती भवानीनगरच्या बाजूला कोपीवर होती. रात्री आईच्या फोनवर ती ते उघडायची. तिनं त्यात एक फांदी जोडली: "मुकादमाचं कमिशन – कशाच्या शेकडा?" नुसत्या तोडणीच्या पैशावर, की वाहतूक धरून? पुस्तकात हा प्रश्न नाही. पण "शेकडा म्हणजे कशाच्या शेकडा" हाच तर शेकडेवारीचा पहिला प्रश्न! गावच्या मुलींना त्यावर विचार करावा लागला. पुढे तिच्या फोनचं रिचार्ज संपलं आणि काही आठवडे तिची फांदी तशीच राहिली. हेही सांगते, कारण साधनानं सगळं सुटतं असं मला तुम्हाला भासवायचं नाही.

आणि इथेच आपलं खरं काम सुरू होतं. फोन कुणाचा? २०२३ च्या असर पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं होतं. २६ राज्यांतले २८ जिल्हे होते. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८ टक्के. त्याच पाहणीत तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं फक्त ४३.३ टक्के मुलामुलींना जमलं. म्हणजे गणित सगळ्यांचंच अवघड झालेलं आहे, पण ते सुधारण्याचं नवं हत्यार मुलग्यांच्या खिशात आहे. आपण डोळे झाकून "ऑनलाइन शिका" म्हटलं, तर ज्या मुलीसाठी म्हणतो तीच मागे पडेल. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा हे आपण डोळ्यांनी पाहिलं. घरात एक फोन, आधी भावाचा तास, मग ताईचा, तोवर बॅटरी संपलेली.

शाळेच्या संगणक खोलीतही तेच. चौघांत एक संगणक दिला की माऊस आपोआप मुलाच्या हातात जातो आणि मुलगी "इथे हे लिही" असं सांगत बाजूला उभी राहते. म्हणून आम्ही नियम केला: ज्या मुलीनं फांदी सुचवली, तिच्याच हातानं ती उमटली पाहिजे. वेळ जास्त लागतो. लागू दे.

अजून एक धोक्याची सूचना. काही साधनांत फुकट खात्यावर काढलेलं चित्र सगळ्या जगाला उघडं असतं. मुलीनं त्यात स्वतःचं पूर्ण नाव, गाव, शाळा लिहिली की कुणीही वाचू शकतं. पुढे काय होतं ते तक्रारी घेऊन येणाऱ्या आपल्या मुलींनी आपल्याला सांगितलेलं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायची तर पालकांच्या संमतीची अट आहे. तेव्हा खातं शिक्षिकेच्या किंवा गटाच्या नावानं काढा, मुलींना टोपणनावं द्या, आणि "हे कुणाकुणाला दिसतं?" हे पहिल्याच दिवशी तपासा. आमच्या मुलींनी टोपणनावं म्हणून फुलांची नावं घेतली नाहीत, नद्यांची घेतली. नीरा, भीमा, कऱ्हा!

आता व्याजाची गोष्ट सांगते, ती तुमच्या बचत गटांच्या कामाची आहे. दहावीच्या बीजगणितात अंकगणित श्रेढी नावाचा धडा आहे. ठरावीक फरकानं वाढत किंवा कमी होत जाणाऱ्या संख्यांची रांग. एका मुलीनं त्याच्या चित्रात फांदी काढली: "हे कुठे भेटतं?" तिच्या आईच्या गटात एका बाईनं गटातून आणि बाहेरच्या एका सावकारी कर्जवाल्याकडून सारखीच रक्कम घेतली होती, १०,००० रुपये, दोन्हीकडे दरमहा शेकडा २, दहा हप्त्यांत फेड, दर हप्त्याला मुद्दल १,०००. बाहेरचा म्हणाला, "दर तोच आहे ना, मग फरक कसला?" मुलीनं दोन फांद्या काढल्या. एका फांदीवर सरसकट व्याज: दर महिन्याला २०० रुपये, दहा महिन्यांचे २,०००. दुसरीवर घटत्या मुद्दलावरचं व्याज: पहिल्या महिन्याला २००, मग १८०, मग १६०, शेवटी २०. बेरीज करायला सूत्र: पहिलं आणि शेवटचं पद मिळून २२०, अशा पाच जोड्या, म्हणजे १,१००. फरक ९०० रुपयांचा. दर तोच, हप्ते तेच.

ते चित्र गटाच्या बैठकीत भिंतीवर लावलं. सही करणाऱ्या, अंगठा लावणाऱ्या सगळ्याजणींनी ते बोट ठेवून वाचलं. एक आजी म्हणाल्या, "म्हणजे फेडलेल्या पैशावरबी तो व्याज घेत व्हता की!" मैत्रिणींनो, अंकगणित श्रेढीची याहून सोपी व्याख्या मी ऐकलेली नाही. आणि त्या दिवसापासून त्या मुलीला घरात "हिशेबाला तिला बोलवा" म्हणू लागले. लग्नाची बोलणी थांबली असं मी म्हणत नाही, पण पुढे ढकलली गेली. आपल्या कामात पुढे ढकललेलं एक वर्षसुद्धा मोठं असतं.

याच्या मर्यादाही सांगते. चित्र काढल्यानं गणित सुटत नाही. गणित सोडवूनच सुटतं. म्हणून प्रत्येक फांदीखाली दोन उदाहरणं सोडवल्याशिवाय पुढची फांदी नाही. तयार, रंगीत चित्रं गाईडमध्ये आणि क्लासमध्ये मिळतात. ती मुलींना देऊ नका. दुसऱ्यानं काढलेल्या चित्रात तुमची रिकामी फांदी दिसत नाही. आणि चित्राला गुण देऊ नका. गुण दिले की मुली पुन्हा नीटनेटकेपणाकडे वळतात आणि रिकामी जागा लपवायला लागतात. आपल्याला तर तीच बघायची आहे.

लीलावतीची दंतकथा तुम्ही ऐकली असेल. भास्कराचार्यांच्या मुलीचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडून टळला, लग्न राहिलं, आणि तिची समजूत काढायला बापानं तिच्या नावानं गणिताचा ग्रंथ लिहिला. ग्रंथ बाराव्या शतकातला, आणि दंतकथा खरी असो वा नसो, तिच्यात लग्न राहिल्याची भरपाई म्हणून गणित मिळतं. आपल्याकडे आज गणित राहिल्याची भरपाई म्हणून लग्न मिळतं. दोन्हीकडे मुलीला कुणी विचारलेलं नाही. पण आपल्याजवळ दुसरंही उदाहरण आहे. मंगला नारळीकरांनी संसार सांभाळून १९८१ साली मुंबई विद्यापीठातून गणितात पीएच.डी. केली, "गणितगप्पा" लिहिल्या, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी काम केलं. २०२३ साली त्या गेल्या. गणित बाईच्या डोक्यात मावत नाही म्हणणाऱ्यांना हे नाव पुरेसं आहे. मात्र आपल्या वस्तीवरच्या मुलीला त्या फार लांबच्या वाटतात. तिला जवळचं कुणीतरी हवं. ती तुम्ही आहात.

तेव्हा घरी जाताना तीन कामं घेऊन जा. आपल्या गावातल्या आठवी ते दहावीच्या मुलींना एकदा बसवा आणि खडूनं चित्र काढायला लावा. प्रत्येक रिकाम्या फांदीशेजारी "तेव्हा मी कुठे होते?" हे लिहून घ्या. गटाचा एक जुना फोन असेल तर तो संध्याकाळी एक तास मुलींसाठी राखून ठेवा, भावाच्या हातात न देता. आणि जमलेली उत्तरं घेऊन शाळा व्यवस्थापन समितीत जा. तिथे आपल्या आया सदस्य आहेत, बहुतेक ठिकाणी फक्त सहीपुरत्या. त्यांना म्हणा, गणिताच्या निकालाबरोबर मुलींच्या गैरहजेरीचाही हिशेब मांडा. हंगामावरून परत येणाऱ्या मुलींसाठी राहिलेल्या फांद्या भरायचा वर्ग उन्हाळ्यात हवा, ही मागणी आपण लेखी द्यायची आहे.

"डोक्यातच नाही" असं आता कुणी म्हणालं, तर भांडू नका. खडू द्या आणि म्हणा, "चला, कुठे नाही ते दाखवा."